संकेतस्थळाचे मोजमाप आणि चाचणी कशी करावी

संकेतस्थळावर ॲनालिटिक्सचा, म्हणजे भेटी आणि कृती मोजणाऱ्या साधनाचा, कोड बसवायला दहा मिनिटे पुरतात आणि बहुतेक ठिकाणी काम तिथेच थांबते. पुढे महिन्यातून एकदा कोणीतरी डॅशबोर्ड उघडते, भेटींचा आलेख चढलेला दिसला तर समाधान मानते, उतरलेला दिसला तर सुट्ट्यांना दोष देते आणि पान मिटून टाकते. या पाहण्यातून संकेतस्थळावरची एक ओळही बदलत नाही. म्हणून सुरुवात अहवालापासून न करता कोऱ्या कागदापासून करावी आणि त्यावर दोनच गोष्टी लिहाव्यात: हे संकेतस्थळ कोणत्या कामासाठी आहे, आणि येणाऱ्या माणसाने नेमकी कोणती कृती केली म्हणजे ते काम झाले असे आपण मानणार आहोत.

ही कृती मोजता येण्यासारखी हवी. लोकांना आपल्या संस्थेची ओळख व्हावी, ही इच्छा झाली. प्रशिक्षण वर्गाच्या नोंदणीचा फॉर्म भरून पाठवला, माहितीपत्रक उतरवून घेतले, फोन नंबरावर टिचकी मारली, या कृती झाल्या. अशा एक-दोन मुख्य कृती ठरल्या की बाकीचे आकडे दुय्यम होतात. अशा प्रत्येक दुय्यम आकड्यापुढे एक प्रश्न ठेवावा: हा आकडा उद्या निम्मा झाला तर माझा कोणता निर्णय बदलेल? उत्तर सुचत नसेल तर तो आकडा अहवालातून काढून टाकावा. एका भेटीत पाहिलेल्या पानांची सरासरी हे याचे चांगले उदाहरण आहे. ती वाढली की लोक रमले असे मानण्याची रीत पडली आहे; पण हवी ती माहिती सापडेना म्हणून ते पानामागून पान धुंडाळत असण्याची शक्यताही तितकीच असते.

आधी मोजणी तपासावी

अहवालातली मोजणी खरी आहे की नाही हे पाहणे कंटाळवाणे असते, पण या सगळ्या खटाटोपात त्याइतके फळ देणारे दुसरे काम नाही. स्वतःच्या मोबाइलवर अनोळखी माणसाप्रमाणे संकेतस्थळ उघडावे, दोन-तीन पाने पाहावीत, फॉर्म भरून पाठवावा आणि रिअलटाइम, म्हणजे त्या क्षणी चाललेल्या भेटी दाखवणाऱ्या, अहवालात प्रत्येक कृतीची नोंद होते का, आणि एकदाच होते का, हे पाहावे. मी सांभाळत असलेल्या एका संकेतस्थळावर मोजणीचा हा कोड थीममध्येही (पानांच्या मांडणीच्या साच्यात) होता आणि प्लगइनमधूनही (वरून जोडलेल्या सुविधेतूनही) येत होता. प्रत्येक पान दोनदा मोजले जात असल्यामुळे बाउन्स रेट, म्हणजे फारसे काही न करता संपलेल्या भेटींचे प्रमाण, जवळजवळ शून्यावर आला होता, आणि आम्ही काही आठवडे त्याबद्दल एकमेकांची पाठ थोपटत होतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे फॉर्मनंतर येणारे ‘धन्यवाद’ पान उघडले की नोंदणी झाली असे मोजणे. ते पान कोणी पुन्हा लोड केले, किंवा त्याचा पत्ता जपून ठेवून चार दिवसांनी उघडला, की न झालेली नोंदणी आकड्यात जमा होते.

यानंतर ॲनालिटिक्समधला आकडा आपल्या स्वतःच्या नोंदींशी ताडून पाहावा. महिन्यात प्रत्यक्ष किती फॉर्म आले हे डेटाबेसला पक्के ठाऊक असते. ॲनालिटिक्समध्ये तो आकडा सहसा कमी दिसेल, कारण काही लोक जाहिराती अडवणारी साधने वापरतात आणि काही जण कुकींना, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवल्या जाणाऱ्या ओळखखुणांना, संमती देत नाहीत. या तफावतीने घाबरून जाण्याचे कारण नाही. ती दर महिन्याला साधारण सारखी राहते का, एवढे पाहावे. अचानक वाढली तर बहुधा कुठेतरी कोड तुटलेला असतो. संस्थेतल्याच लोकांच्या भेटी मोजणीतून वगळणे आणि बॉटच्या, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामच्या, भेटींचा अचानक आलेला लोंढा ओळखणे हेही याच टप्प्यावर करून घ्यावे.

भेट कुठून आली हे कळण्यासाठी बाहेर पाठवलेल्या प्रत्येक दुव्याला यूटीएम खुणा, म्हणजे पत्त्याच्या शेवटी लिहिलेली स्रोताची नावे, जोडतात. या नावातला ‘यू’ अर्चिन (Urchin) या कंपनीचा आहे. गूगलने २००५ मध्ये ती विकत घेतली आणि त्याच वर्षी तिच्या तंत्रावर उभे केलेले गूगल ॲनालिटिक्स बाजारात आणले. खुणांची नावे एका तक्त्यात आधीच ठरवून ठेवावीत, कारण रोमन लिपीतली लहान आणि मोठी अक्षरे ही यंत्रणा वेगळी धरते आणि एकाच वृत्तपत्रिकेचे श्रेय दोन-तीन नावांत विभागले जाते. संकेतस्थळाच्या आतल्या आत असलेल्या दुव्यांना मात्र या खुणा कधीही लावू नयेत, कारण त्यामुळे माणूस मुळात कुठून आला याची नोंद विस्कटते. पैसे भरण्यासाठी ग्राहक बाहेरच्या पेमेंट पानावर जाऊन परत येत असेल तर ते पान ‘नको असलेल्या संदर्भांच्या’ यादीत घालावे. नाहीतर साऱ्या विक्रीचे श्रेय त्या पेमेंट पानालाच मिळते.

शब्दांच्या व्याख्या एकदा तरी नीट वाचाव्यात. गूगल ॲनालिटिक्स ४ मध्ये दहा सेकंदांहून जास्त चाललेली, किंवा निदान दोन पाने पाहिलेली, किंवा मुख्य कृती घडलेली भेट ‘गुंतलेली’ मानली जाते, आणि उरलेल्या भेटींचे प्रमाण म्हणजे बाउन्स रेट. आधीच्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्समध्ये, ज्याने १ जुलै २०२३ पासून नवी नोंद घेणे थांबवले, याच नावाची व्याख्या निराळी होती. म्हणून जुन्या अहवालातला बाउन्स रेट नव्याशेजारी मांडून निष्कर्ष काढणे व्यर्थ आहे. आणखी एक सेटिंग पहिल्याच दिवशी बदलावे: सविस्तर शोधासाठी लागणारी माहिती ही यंत्रणा आपणहून दोनच महिने ठेवते, ती मुदत चौदा महिन्यांपर्यंत वाढवता येते. गेलेले महिने नंतर परत मिळत नाहीत.

लोकांची नावे, ईमेल पत्ते किंवा फोन नंबर ॲनालिटिक्समध्ये जाऊ देऊ नयेत. फॉर्म भरल्यावर ही माहिती पानाच्या पत्त्यात दिसत असेल तर ती नकळत नोंदली जाते, तेव्हा ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीकडे एकदा डोळसपणे पाहावे.

गळती शोधताना

मोजणीवर भरवसा बसला की मुख्य कृतीपर्यंतच्या वाटेवर लोक कुठे गळतात हे पाहायचे. समजा, एका आठवड्यात १,००० जण संकेतस्थळावर आले, त्यातले ४०० वर्गाच्या माहितीच्या पानावर गेले, ९० जणांनी फॉर्म उघडला आणि २७ जणांनी तो पाठवला. टक्क्यांत पाहिले तर सर्वांत मोठी गळती माहितीच्या पानावर झालेली दिसते आणि हात लगेच तिकडे वळतो. पण त्या पानावरून परतलेल्या ३१० जणांपैकी कितीतरी जणांना हा वर्ग नकोच असेल, तर ज्यांनी फॉर्म उघडला त्यांना तो हवा होता हे उघड आहे. त्या ९० पैकी ६३ जण दारातून परत गेले. मी सुरुवात नेहमी शेवटच्या पायरीपासून करतो, कारण तिथला माणूस आपल्याला सर्वांत जवळचा असतो.

आता हेच आकडे उपकरणांनुसार वेगळे करावेत. मोबाइलवर ६० जणांनी फॉर्म उघडून ९ जणांनीच पाठवला आणि संगणकावर ३० पैकी १८ जणांनी पाठवला असे निघाले, तर १५ टक्के आणि ६० टक्के यांतला फरक दुसरे काहीही न विचारता सांगतो की मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये काहीतरी अडते आहे. नेमके काय अडते हे मात्र आकडा सांगत नाही. त्यासाठी फॉर्म स्वतः मोबाइलवर भरावा, तोही जुन्या आणि लहान पडद्याच्या.

एकूण सरासरीवर कधीही विसंबू नये, आणि याचे कारण गणितातच आहे. गेल्या महिन्यात संगणकावरून आलेल्या ६०० जणांपैकी ३६ जणांनी आणि मोबाइलवरच्या ४०० पैकी ८ जणांनी नोंदणी केली, म्हणजे प्रमाण अनुक्रमे ६ आणि २ टक्के, एकूण ४.४ टक्के. या महिन्यात संगणकावर ३०० पैकी २१ आणि मोबाइलवर ७०० पैकी २१ झाले, म्हणजे ७ आणि ३ टक्के. दोन्हीकडे सुधारणा झाली, तरी एकूण प्रमाण ४.२ टक्क्यांवर घसरले, कारण मोबाइलवाल्यांचा वाटा वाढला. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. ही फोड न करता जो अहवाल पुढे सरकवला जातो, त्याच्या जोरावर चांगले चाललेले कामही थांबवले जाऊ शकते.

पानांचा वेगही याच टप्प्यावर तपासावा. गूगलच्या निकषांनुसार पानावरचा सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसावा, टिचकीला २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा आणि मजकूर इकडेतिकडे सरकण्याचा गुणांक ०.१ च्या वर जाऊ नये, आणि हे निदान ७५ टक्के भेटींमध्ये साधावे. आपल्या नव्या फोनवर पान चटकन उघडते ही गोष्ट पुरावा म्हणून धरू नये.

‘का’ या प्रश्नाचे उत्तर माणसांकडेच मिळते. संकेतस्थळाच्या शोधपेटीत लोक काय टंकतात ते वाचावे, कारण तिथे ते आपल्याला न सापडलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत लिहीत असतात. फोनवर आणि ईमेलवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न गोळा करावेत. हीटमॅप (पानावर लोक कुठे टिचक्या मारतात याचा रंगीत नकाशा) आणि भेटींचे चित्रण दाखवणारी साधने वापरता येतात, मात्र त्यांत टंकलेला मजकूर झाकलेला आहे याची खात्री करून घ्यावी. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे पाच अनोळखी माणसांना एकेकटे समोर बसवून “या वर्गासाठी नाव नोंदवा” एवढेच सांगावे आणि गप्प राहावे. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार पाच जणांच्या निरीक्षणातून साधारण ८५ टक्के अडचणी उघड्या पडतात. त्या हिशेबामागची गृहीतके प्रत्येक संकेतस्थळाला लागू पडतीलच असे नाही, तरीही तिसरा माणूस त्याच जागी अडखळलेला पाहिल्यावर वाद घालण्याची इच्छा उरत नाही. अवघड भाग गप्प राहण्याचा आहे.

चाचणी कधी आणि कशी घ्यावी

एखादा बदल करून पुढच्या महिन्याचा आकडा मागच्या महिन्याशी ताडणे ही चाचणी नव्हे, कारण दोन महिन्यांत जाहिराती, सुट्ट्या, शोधनिकालातले स्थान असे पुष्कळ काही बदललेले असते. ए-बी चाचणीत जुने आणि नवे रूप एकाच काळात, चिठ्ठी टाकल्यासारखे यादृच्छिकपणे वाटून, वेगवेगळ्या लोकांना दाखवतात. त्यामुळे बाहेरच्या घडामोडी दोन्हीकडे सारख्याच लागू होतात आणि उरलेला फरक आपल्या बदलाचा मानता येतो. अंदाज किती फसवे असतात याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. बराक ओबामा यांच्या २००८ च्या प्रचाराच्या संकेतस्थळावर चार बटणे आणि सहा चित्रे-चित्रफिती यांच्या २४ जोड्या तपासल्या गेल्या. चमूचा ओढा चित्रफितींकडे होता. प्रत्यक्षात सगळ्या चित्रफिती चित्रांपेक्षा मागे पडल्या आणि जिंकलेल्या जोडीने नावनोंदणीचे प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर नेले.

चाचणीआधी एक वाक्य लिहून काढावे: “मोबाइलवर फॉर्म अर्ध्यात सुटतो, कारण त्यात अकरा रकाने आहेत, ते पाच केले तर फॉर्म पाठवणाऱ्यांचे प्रमाण वाढेल.” या वाक्यात निरीक्षण, कारण, बदल आणि मोजायचा आकडा असे चारही घटक हवेत. बटणाचा रंग बदलून पाहू या, असे म्हणणाऱ्याला कारण विचारावे. बहुधा ते नसते.

मग किती लोक लागतील याचा हिशेब करावा, आणि बहुतेक लहान संकेतस्थळांची गाडी इथेच अडते. सोपे सूत्र असे आहे: सध्याच्या प्रमाणाला एकातून ते वजा केल्यावर उरणाऱ्या भागाने गुणावे, त्याला १६ ने गुणावे आणि जो फरक पकडायचा आहे त्याच्या वर्गाने भागावे. यात चुकून फरक दिसण्याची शक्यता ५ टक्के आणि खरा फरक सापडण्याची शक्यता ८० टक्के धरलेली आहे. सध्याचे प्रमाण ५ टक्के असेल आणि ते ६ टक्के झालेले ओळखायचे असेल, तर ०.०५ गुणिले ०.९५ गुणिले १६ भागिले ०.०००१, म्हणजे प्रत्येक रूपासाठी ७,६०० माणसे लागतात. साडेपाच टक्क्यांपर्यंतचीच वाढ पकडायची म्हटली तर हाच आकडा ३०,४०० होतो. फरक निम्मा केला की माणसे चौपट लागतात.

महिन्याला ३,००० लोक येणाऱ्या संकेतस्थळाला पहिली चाचणीसुद्धा पाच महिने चालवावी लागेल. अशा ठिकाणी ए-बी चाचणीच्या नादी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे पाच माणसांचे निरीक्षण करावे, उघड दिसणारे दोष थेट दुरुस्त करावेत आणि बदल करायचाच तर भरघोस करावा. तुटलेला फॉर्म दुरुस्त करायला पुराव्याची गरज नसते.

पुरेसे लोक येत असतील तर चाचणी किती दिवस चालणार हे आधीच ठरवून कागदावर लिहावे, पूर्ण आठवडे धरावेत आणि दोन आठवड्यांहून कमी मुदत ठेवू नये, कारण सोमवारचा माणूस आणि रविवारचा माणूस सारखे वागत नाहीत. मुदत लिहून ठेवण्याचे खरे कारण आपलाच उतावळेपणा आहे. रोज निकाल पाहून अनुकूल दिसला त्या दिवशी चाचणी थांबवली, तर आपण मानलेली ५ टक्के चुकीची शक्यता ५ टक्के राहत नाही; पाच वेळा डोकावल्यास ती सुमारे १४ आणि दहा वेळा डोकावल्यास सुमारे १९ टक्क्यांवर जाते. काही साधनांत वारंवार पाहण्याची मुभा देणारी वेगळी गणिते असतात, पण आपले साधन तसे आहे हे ठाऊक नसेल तर ते तसे नाही असे धरून चालावे. हीच गत अनेक आकडे एकदम तपासण्याची आहे: परस्परांशी संबंध नसलेले वीस आकडे तपासले तर काहीही बदललेले नसतानाही निदान एकात तरी ‘लक्षणीय’ फरक दिसण्याची शक्यता ६४ टक्के असते. म्हणून निकाल ठरवणारा आकडा एकच असावा. त्याच्याबरोबर राखण करणारे एक-दोन आकडे ठेवावेत, उदाहरणार्थ रद्द झालेल्या नोंदण्या किंवा चुकीचे फोन नंबर, म्हणजे फॉर्म सोपा करताना आपण निरुपयोगी अर्जांची भरती तर केली नाही ना, हे समजेल.

तांत्रिक बाजूने चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. पान आधी जुन्या रूपात चमकून मग नव्या रूपात बदलत असेल तर तो चमकारा स्वतःच लोकांच्या वागण्यावर परिणाम करतो. शक्य असेल तिथे रूपाची निवड सर्व्हरवरच करावी. एकाच माणसाला प्रत्येक भेटीत तेच रूप दिसायला हवे, पण सफारी ब्राउझर जावास्क्रिप्टने ठेवलेल्या कुकी सात दिवसांत पुसतो, हे लांब चालणाऱ्या चाचणीत लक्षात ठेवावे. नवे रूप वेगळ्या पत्त्यावर असेल तर कॅनॉनिकल खूण (खरे पान कोणते हे शोधयंत्राला सांगणारी ओळ) मूळ पानाकडे लावावी, तात्पुरते म्हणजे ३०२ प्रकारचे वळण वापरावे, आणि गूगलच्या बॉटला वेगळे पान दाखवण्याचा मोह टाळावा. चौथी गोष्ट साधनाची: गूगल ऑप्टिमाइझ हे मोफत साधन ३० सप्टेंबर २०२३ रोजी बंद झाले, त्यामुळे ते वापरायला सांगणारी जुनी मार्गदर्शने आता उपयोगाची नाहीत.

मुदत संपली की विजेता कोण हे पाहण्याआधी वाटणी पाहावी. १०,००० लोक अर्धे-अर्धे वाटायचे होते आणि एकीकडे ५,२०० व दुसरीकडे ४,८०० निघाले, तर हा फरक किरकोळ वाटतो. पण निव्वळ योगायोगाने एवढी किंवा याहून मोठी तफावत पडण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. याचा अर्थ वाटणीतच बिघाड आहे, आणि अशा चाचणीचा निकाल कितीही गोड असला तरी फेकून द्यावा. साधनावर भरवसा बसावा म्हणून सुरुवातीला दोन्हीकडे तेच रूप ठेवून एक चाचणी चालवून पाहण्याची पद्धतही चांगली आहे.

फार मोठा विजय दिसला तर आनंदाआधी शंका घ्यावी. प्रेक्षकमापनाच्या क्षेत्रातले टोनी ट्वायमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम असा की, जो आकडा विलक्षण वाटतो तो बहुधा चुकलेला असतो. २०१२ मध्ये बिंग या शोधयंत्रावर जाहिरातींच्या शीर्षकाच्या मांडणीत केलेल्या छोट्या बदलाने उत्पन्न इतके वाढवले की, काहीतरी चुकले आहे असा इशारा यंत्रणेनेच दिला. तपासाअंती वाढ खरी ठरली, १२ टक्के. ती कल्पना त्याआधी सहा महिन्यांहून जास्त काळ यादीत पडून होती. खरी निघालेली अशी उदाहरणे थोडी असतात म्हणूनच ती सांगितली जातात. आपल्याकडे ४० टक्के वाढ दिसली तर आधी दोनदा मोजला जाणारा फॉर्म शोधावा.

निकाल लिहिताना एकच टक्केवारी न देता तिचा पल्ला द्यावा: वाढ १ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान असावी, असे म्हटले की वाचणाऱ्याला अनिश्चितताही दिसते. जिंकलेल्या रूपाची वाढ चाचणीत दिसली तेवढी पुढे टिकत नाही, कारण जिंकण्यात नशिबाचाही थोडा वाटा असतो. अंदाजपत्रकात ती कमीच धरावी. फरक दिसलाच नाही तर ज्या रूपाची देखभाल सोपी ते ठेवावे आणि पुढच्या गृहीतकाकडे वळावे.

प्रत्येक चाचणीची नोंद एका वहीत किंवा तक्त्यात ठेवावी: आधी लिहिलेले गृहीतक, दोन्ही रूपांची चित्रे, सुरू आणि बंद केल्याच्या तारखा, वाटणी, निकालाचा पल्ला आणि घेतलेला निर्णय. हरलेल्या चाचण्या गाळू नयेत, नाहीतर दोन वर्षांनी नवा सहकारी तीच कल्पना तितक्याच उत्साहाने पुन्हा मांडेल. निर्णय झाला त्याच आठवड्यात हरलेल्या रूपाचा कोड आणि चाचणीचे स्क्रिप्ट पानावरून काढून टाकावे, कारण अशी विसरलेली स्क्रिप्टे साचत गेली की पानाचा वेग उतरतो आणि पुढच्या चाचणीत दिसणारी घट नेमकी कशाची हे ओळखता येत नाही.